तपकिरी मेणावरचा मरीन बँड: ढोल, वेग आणि डबीवरचे नाव

प्रश्नकर्त्यांकडे अमेरिकन लष्करी बँडची दोन सिलिंडर, म्हणजे फोनोग्राफवर वाजणाऱ्या, आवाज कोरलेल्या मेणाच्या नळ्या, आली आहेत. दोन्हींवर अमेरिकन रचनाकार आणि बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांचा एकच मार्च आहे. एक सिलिंडर तपकिरी मेणाचे असून त्याच्या पुठ्ठ्याच्या डबीवर ‘युनायटेड स्टेट्स मरीन बँड’ आणि कोलंबिया कंपनीचे नाव आहे. दुसरे काळे, साच्यातून काढलेले आणि एडिसन कंपनीचे आहे. दोन्ही मिनिटाला १६० फेऱ्यांच्या वेगाने वाजवून त्यांचे डिजिटल मुद्रण करून घेतल्यावर तपकिरी सिलिंडरचा स्वर बराच वर गेला आणि मार्च धावत सुटल्यासारखा वाटू लागला. त्यावरून त्यांनी विचारले आहे की, दोन्हींत मोठा ढोल का ऐकू येत नाही, योग्य वेग कोणता, तपकिरी सिलिंडरवर स्वतः सूझा बँड चालवत आहेत असे म्हणता येईल का, आणि हे सिलिंडर घरच्या जुन्या यंत्रावर वाजवायला हरकत आहे का. तयार प्रती सर्वांसाठी खुल्या करता येतील का, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

पहिल्या चारही प्रश्नांची उत्तरे तपकिरी सिलिंडर कसे बनत असे या एका गोष्टीत आहेत. आपल्याला तबकडीची सवय आहे, आणि तबकडी म्हटली की एका मूळ मुद्रणाच्या हजारो सारख्या प्रती डोळ्यांसमोर येतात. १८९० च्या दशकातले मेणाचे सिलिंडर या अर्थाने प्रत नसते. ते बहुतेक वेळा त्या दिवशी, त्या खोलीत, त्या एका यंत्रावर कोरले गेलेले मूळ मुद्रणच असते. त्यामुळे त्याच्या वेगाविषयी, त्यातल्या वाद्यांविषयी किंवा वादकांविषयी यादी पाहून निर्णय देता येत नाही. समोरचा नगच तपासावा लागतो.

बँड या धंद्यात आला कसा, हे आधी पाहू. १८८८ मध्ये नॉर्थ अमेरिकन फोनोग्राफ कंपनी स्थापन झाली, तेव्हा फोनोग्राफ हे कचेरीत मजकूर सांगून टिपून घेण्याचे यंत्र म्हणून भाड्याने द्यायचे असा बेत होता. तो फसला, कारकुनांना यंत्र नको होते आणि यंत्रही नाजूक होते. मात्र नोव्हेंबर १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका मद्यगृहात नाणे टाकून कानाला नळ्या लावून गाणे ऐकण्याचे यंत्र बसवले गेले, आणि पैसा कुठे आहे ते सगळ्यांच्या लक्षात आले. अशा यंत्रासाठी मोठ्या आवाजाचे, ओळखीचे, दोन-अडीच मिनिटांत संपणारे संगीत हवे होते, आणि त्या काळच्या अमेरिकेत गावोगावच्या बागांमधून बँड वाजत असत. वॉशिंग्टन शहरात काम करणाऱ्या कोलंबिया फोनोग्राफ कंपनीला तर सर्वांत नावाजलेला बँड दाराशीच मिळाला. मरीन बँडचे वादक कमी पगारावर नोकरी करत आणि बाहेरची कामे घेऊन भर घालत, त्यामुळे फोनोग्राफसमोर वाजवणे हे त्यांच्या दृष्टीने आणखी एक बाहेरचे काम होते. १८९० च्या शरद ऋतूत या बँडची ६० सिलिंडर बाजारात आली आणि १८९७ पर्यंत चारशेहून अधिक वेगवेगळ्या रचना विक्रीला होत्या.

बँडला एवढे महत्त्व मिळण्याचे आणखी एक कारण निव्वळ हिशेबाचे होते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. त्या काळी मेणावर कोरलेल्या आवाजाची चांगली नक्कल करण्याची सोय नव्हती, म्हणून एकाच वेळी अनेक यंत्रे मांडून प्रत्येकाचा कर्णा वादकांकडे वळवला जाई, सगळ्या यंत्रांवर कोरी सिलिंडर चढवली जात, निवेदक प्रत्येक कर्ण्यात ओरडून रचनेचे आणि बँडचे नाव सांगे, आणि मग मार्च वाजे. तो संपला की सिलिंडर उतरवायची, नवी चढवायची आणि तोच मार्च पुन्हा वाजवायचा. गायकाचा आवाज एका वेळी तीन-चार यंत्रांनाच पुरत असे. बँडचा आवाज दहाएक यंत्रांना पुरे. म्हणजे तीनशे नगांची मागणी पुरवायची तर बँडला तीस वेळा वाजवावे लागे आणि गायकाला त्याच्या तिप्पट वेळा घसा ताणावा लागे. पुढे एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर यांत्रिक दांडीने खाच उतरवण्याची पद्धत वापरात आली, पण त्या नकला दबक्या आणि घरघर करणाऱ्या असत, आणि मूळ सिलिंडरही काही नकलांनंतर झिजून जाई.

हे चित्र बदलले ते १९०२ मध्ये. एडिसन कंपनीने मेणाच्या मूळ सिलिंडरवर निर्वात पात्रात विजेच्या साह्याने सोन्याचा अतिशय पातळ थर चढवायला सुरुवात केली. त्यावर तांबे चढवून साचा तयार होई आणि त्या साच्यातून कठीण काळ्या मेणाची कितीही सिलिंडर काढता येत. मेण थंड होताना आक्रसते, म्हणून ते साच्यातून खाचांना धक्का न लागता बाहेर सरकते. उभ्या खाचेच्या मुद्रणात, म्हणजे आवाजाप्रमाणे खाच कमी-जास्त खोल होते त्या मुद्रणात, हे जमते, कारण खाचेची खोली अगदी थोडी असते. आपले काळे सिलिंडर या पद्धतीचे आहे. त्याच्या कडेवर रचनेचे नाव कोरलेले असेल तर ते १९०४ च्या सुमारानंतरचे समजावे. मात्र साचे झिजत, आणि खपणारी रचना त्याच क्रमांकाखाली पुन्हा मुद्रित केली जाई, म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन काळ्या सिलिंडरांवरही वेगळे वादन निघू शकते.

आता ढोल. ढोल ऐकू येत नाही याची बहुतेक लोक दोन कारणे देतात: जुने यंत्र होते, आवाज पकडता आला नाही, किंवा ढोल वाजवायला बंदी होती. दोन्हींत तथ्य आहे, पण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. कर्णा एका ठरावीक मर्यादेच्या खालचे स्वर मुद्रणयंत्राच्या थरथरणाऱ्या पडद्यापर्यंत पोचवतच नाही. साधारण दोनशे हर्ट्झच्या खाली त्याची ताकद झपाट्याने ओसरते आणि मोठ्या ढोलाचा मूळ नाद त्याच्याही पुष्कळ खाली असतो. त्यामुळे ढोलाचा घुमारा मेणावर उमटण्याची शक्यता मुळातच नव्हती. पण टिपरू पडल्याबरोबर हवेचा जो एकदम धक्का बसतो तो मात्र काचेच्या किंवा अभ्रकाच्या पडद्याला जोरात हलवतो, कोरणारी नीलमण्याची टोकदार पाती एक तर मेणात खोल रुतते किंवा मेणावरून उचलली जाते, आणि वाजवताना त्या जागी सुई उडी मारते. म्हणजे ढोलाने मिळायचे काही नाही आणि बिघडायचे सगळे, असा व्यवहार होता. म्हणून ढोल वगळत, किंवा वादकाला खोलीच्या अगदी मागे बसवून हलक्या हाताने वाजवायला सांगत. साईड ड्रमची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचा कोरडा कडकडाट कर्ण्याच्या आटोक्यातला असतो, आणि आपल्या काळ्या सिलिंडरवर मार्चच्या शेवटच्या भागात नीट कान दिला तर तो बहुधा सापडेल. झांजेचा आवाज मात्र वरच्या मर्यादेच्या पलीकडे जातो. तीन हजार हर्ट्झच्या वर त्या यंत्रांवर फारसे काही टिकत नाही, त्यामुळे झांज वाजली तरी ऐकणाऱ्याला ती मेणाच्या खरखरीपासून वेगळी काढता येत नाही.

ट्युबाबद्दलही एक गोष्ट इथेच सांगतो. ट्युबाचे खालचे मूळ नाद ढोलाइतकेच मर्यादेबाहेर असतात, तरीही या सिलिंडरांवर ट्युबा चांगला ऐकू येतो. याचे कारण असे की, कर्ण्याने मूळ नाद टाकून दिला तरी त्याच्या वरचे उपनाद पुढे जातात आणि त्या उपनादांवरून आपला कान खालचा स्वर स्वतःच जुळवून घेतो. आवाजाच्या आलेखात साठ हर्ट्झला काहीही दिसत नसताना तिथे स्वर ‘ऐकू येतो’ तो असा. म्हणून डिजिटल प्रत साफ करताना खालची पट्टी फुगवून ट्युबा ठळक करण्याचा प्रयत्न करू नये. तिथे यंत्राची घरघर आणि सिलिंडरच्या लंबगोलपणाचा ठोका यांशिवाय काही नाही. फुगेल ते तेवढेच.

खोलीतली मांडणीही बागेतल्या बँडसारखी नसे. वादक कमी असत. सहसा दहा-बारा ते वीस. क्लॅरिनेट आणि पिकोलो कर्ण्याजवळ, कॉर्नेट मागे, ट्रॉम्बोन आणि ट्युबा त्याहून मागे, मागच्या रांगा उंच आसनांवर, आणि सगळ्यांची तोंडे कर्ण्याकडे. मार्चमध्ये कोणता भाग पुढे यावा हे बँडमास्तरच्या हातापेक्षा आसनांच्या अंतरावर ठरत असे. त्यामुळे ‘त्या काळी बँडमध्ये क्लॅरिनेटचा आवाज कॉर्नेटपेक्षा भारी असे’ असा निष्कर्ष कोणी या सिलिंडरांवरून काढला तर तो चुकीचा ठरेल. वाद्यमेळाचे प्रमाण या मुद्रणांवरून ठरवू नये. त्यासाठी छापील स्वरलिपी आणि बँडचे हजेरीपट पाहावेत. याउलट वादनाची ढब, म्हणजे स्वर किती तोडून घेतले आहेत, कॉर्नेटवादक स्वरात कंप किती देतो, मार्चचा शेवटचा भाग संथ करतात की नाही, या गोष्टी मेणावर चांगल्या उतरल्या आहेत आणि त्या दुसऱ्या कुठेही मिळत नाहीत. माझ्या मते या सिलिंडरांची खरी किंमत तेवढ्यात आहे, आणि ती काही थोडी नाही.

मार्च आणि सिलिंडर यांची जोडी का जमली, हेही वेळ मोजल्यावर कळते. कवायतीच्या चालीत मिनिटाला १२० पावले पडतात आणि मार्चच्या एका बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) दोन पावले बसतात, म्हणजे मिनिटाला ६० बार. सोळा बारचा एक भाग दोनदा वाजवला की ३२ सेकंद होतात. प्रस्तावना, पहिले दोन भाग पुनरावृत्तीसह, मग ट्रायो (मार्चचा वेगळ्या पट्टीतला उत्तरार्ध), मधला आवेशाचा तुकडा आणि ट्रायोची पुनरावृत्ती असा पूर्ण मार्च अडीच मिनिटांच्या आसपास भरतो. नेहमीच्या सिलिंडरची लांबी सव्वाचार इंचांच्या आसपास आणि खाचा इंचाला १००. कडा सोडून चारशे फेऱ्या धरल्या तर १६० च्या वेगाने अडीच मिनिटे मिळतात आणि १२० च्या वेगाने तीन मिनिटे वीस सेकंद. तपकिरी सिलिंडरवर निवेदनासाठी वेळ जाऊनही मार्च जवळजवळ पूर्ण बसतो. १६० च्या काळ्या सिलिंडरवर मात्र एखादी पुनरावृत्ती गाळावी लागते, आणि आपल्या दोन सिलिंडरांत पहिल्या भागाची पुनरावृत्ती एकीकडे आहे व दुसरीकडे नाही, असे जे आपण लिहिले आहे त्याचे कारण बहुधा हेच. ऑपेरांच्या प्रस्तावनांचे हाल यापेक्षा वाईट झाले. दहा-बारा मिनिटांच्या रचनेचा शेवटचा दौडता भाग तेवढा ठेवून बाकीचे सोडून दिलेले अनेकदा आढळते.

वेगाच्या प्रश्नावर मी अधिक थांबणार आहे, कारण चुका इथेच होतात. १६० हा वेग साच्याच्या सिलिंडरांबरोबर, म्हणजे १९०२ पासून, पक्का झाला. त्याआधी १२०, १२५, १४४ असे निरनिराळे वेग वापरात होते, आणि एकाच कंपनीतही ते काळानुसार वाढत गेले. १४४ ने कोरलेले सिलिंडर १६० ने वाजवले तर स्वर जवळजवळ एका पूर्ण स्वराने चढतो. १२० ने कोरलेले १६० ने वाजवले तर गुणोत्तर बरोबर चारास तीन होते, म्हणजे षड्जाचा शुद्ध मध्यम होतो. आपले तपकिरी सिलिंडर काळ्यापेक्षा ‘साधारण मध्यमाइतके’ वर वाजते असे आपण लिहिले आहे, त्यावरून ते १२० च्या आसपासचे असावे असा पहिला अंदाज करता येतो. पण तो अंदाजच आहे, आणि तो का पक्का नाही ते पाहिले पाहिजे.

बँडची पितळी वाद्ये फ्लॅटच्या पट्ट्यांमध्ये सोयीची असतात, म्हणून मार्च बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट अशा पट्ट्यांत लिहिले जातात. बी फ्लॅटमधला मार्च चुकून चारास तीन या प्रमाणात वेगाने वाजवला तर तो ई फ्लॅटमध्ये ऐकू येतो, आणि ई फ्लॅट ही बँडची तितकीच नेहमीची पट्टी आहे. भरीला, मार्चचा ट्रायो मूळ पट्टीच्या मध्यमावर जातो, म्हणजे बी फ्लॅटच्या मार्चचा ट्रायो खरोखरच ई फ्लॅटमध्ये असतो. त्यामुळे ‘पट्टी जुळली, म्हणजे वेग बरोबर’ हा युक्तिवाद या दोन वेगांच्या बाबतीत हमखास फसवतो. पट्टी पाहायचीच असेल तर छापील बँडप्रतीत पहिला भाग कोणत्या पट्टीत आहे हे आधी पाहावे. पियानोच्या प्रतीवर विसंबू नये, कारण पियानोसाठी पट्टी बदलून छापण्याची रीत होती.

पट्टी नक्की झाली तरी एक अडचण उरते. त्या काळी अमेरिकेत दोन स्वरमाने चालत. पियानोवाल्यांनी १८९१ मध्ये ए हा स्वर म्हणजे ४३५ हर्ट्झ हे मान स्वीकारले, पण बँडची वाद्ये पुष्कळ वर्षे ‘हाय पिच’ची, म्हणजे सुमारे ४५२ ते ४५७ हर्ट्झची असत, म्हणून त्या काळच्या अमेरिकन कॉर्नेट-क्लॅरिनेटवर एचपी (हाय पिच) किंवा एलपी (लो पिच) अशी अक्षरे कोरलेली दिसतात. दोन्ही मानांत एका अर्धस्वराला थोडा कमी इतका फरक आहे. आता १२० आणि १२५ या दोन वेगांतला फरकही जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे लो पिचच्या वाद्यांनी वाजवलेला मार्च १२० ने वाजवत आहोत की हाय पिचच्या वाद्यांचा मार्च १२५ ने, हे नुसत्या स्वरावरून कधीच ठरत नाही. हा गोंधळ सुटण्यासारखा नसेल तर तो सुटला असे दाखवू नये. आपण प्रत काढताना दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात आणि जो वेग निवडला त्याचे कारण नोंदवावे.

मार्चच्या चालीवरून वेग ठरवण्याचा मोह होतो, तोही टाळलेला बरा. मिनिटाला १२० पावले हा कवायतीचा नियम आहे. खोलीत बसून, सिलिंडर संपायच्या आत मार्च उरकण्याच्या घाईत असलेले वादक तो पाळतीलच असे नाही. चाल नियमात बसवून वेग ठरवला आणि मग त्या वेगावरून ‘सूझांच्या काळी मार्च याच चालीत वाजत’ असे म्हटले तर आपण स्वतःच ठेवलेली वस्तू स्वतःच शोधून काढली, इतकेच होते.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो निवेदकाचा आवाज. यंत्राने स्वर चढवला की माणसाच्या बोलण्यातल्या स्वरांचे वळणच बदलते. ‘आ’ किरटा होतो आणि शब्द अनैसर्गिकपणे तुटक येतात. निवेदक ओरडत असे, त्यामुळे त्याच्या आवाजाची उंची आपल्याला फसवू शकते, पण स्वरांचे वळण सहसा फसवत नाही. १६० ने घेतलेली प्रत संगणकावर हळूहळू खाली आणत निवेदन पुन्हा पुन्हा ऐकावे आणि ज्या टप्प्यावर पुरुषाचे मोकळे बोलणे ऐकू येते तो टप्पा नोंदवावा. त्यानंतर वाद्यांची कक्षा पडताळावी: निवडलेल्या वेगाला कॉर्नेट त्याला मुळात वाजवताच येत नाही इतक्या खाली उतरत असेल, तर वेग अजून वाढवायला हवा. या दोन चाचण्यांनी १२० की १६० हा मोठा प्रश्न सुटतो. निवेदन चालू असताना यंत्राने अजून पूर्ण वेग घेतलेला नसेल तर पहिल्या काही सेकंदांत स्वर सरकताना दिसतो, म्हणून निवेदन आणि मार्च यांची तुलना स्वतंत्रपणे करावी.

आता सूझांचे नाव. डबीवरचे नाव हा पुरावा फार कच्चा आहे. तपकिरी सिलिंडरवर स्वतःवर काहीच छापलेले नसते. ओळख पटवणारी कागदाची चिठ्ठी डबीत टाकलेली असे, आणि शंभराहून अधिक वर्षांत डब्यांची अदलाबदल सहज होते. म्हणून आधी निवेदन ऐकून शब्दशः उतरवून घ्यावे. त्यात कंपनीच्या नावापुढे गाव येते का ते पाहावे: कोलंबियाचे मुख्यालय १८९७ च्या सुमारास वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला गेले आणि निवेदनांतले गावही त्याप्रमाणे बदलत गेले, त्यामुळे काळ ठरवायला त्याची मदत होते.

निवेदनात मरीन बँड असले तरी सूझा असतीलच असे नाही. ते १८८० पासून १८९२ च्या उन्हाळ्यापर्यंत मरीन बँडचे प्रमुख होते. त्यानंतर १८९७ पर्यंत फ्रान्सेस्को फॅन्चुली आणि १८९८ पासून विल्यम सॅन्टेलमन यांनी तो बँड चालवला. म्हणजे सिलिंडर १८९२ नंतरचे असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. त्याआधीचे असले तरी सूझांना या यंत्राविषयी मुळीच प्रेम नव्हते हे लक्षात घ्यावे लागते. १९०६ मध्ये त्यांनी ॲपलटन्स मॅगझिनमध्ये यांत्रिक संगीताच्या धोक्याविषयी लेख लिहिला आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या कंपन्यांविरुद्ध साक्ष दिली. त्यांचा राग निव्वळ कलेचा नव्हता. त्यांच्या मार्चची सिलिंडर आणि तबकड्या प्रचंड खपत होत्या आणि रचनाकाराला त्यातून एक छदामही मिळत नव्हता. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देणे बंधनकारक झाले तेव्हा कुठे ही व्यवस्था बदलली. पुढे त्यांच्या स्वतःच्या बँडची जी असंख्य मुद्रणे निघाली, त्यांतही बहुतेक वेळा आर्थर प्रायर, वॉल्टर रॉजर्स, हर्बर्ट क्लार्क हे त्यांचे वादक-सहकारी बँड चालवत. सूझांनी स्वतः उभे राहून करून घेतलेली मुद्रणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. विक्रेता ‘सूझा कंडक्टिंग’ म्हणून दुप्पट किंमत सांगत असेल तर ती देऊ नये.

बँडच्या नावांचा व्यवहार एकूणच सैल होता. दुसरे नामांकित बँडप्रमुख पॅट्रिक गिलमोर २४ सप्टेंबर १८९२ रोजी वारले आणि दोनच दिवसांनी सूझांच्या खासगी बँडचा न्यू जर्सीत पहिला कार्यक्रम झाला. गिलमोर यांचे कित्येक वादक पुढे सूझांकडे गेले. तरीही ‘गिलमोर्स बँड’ हे नाव सिलिंडरांवर विसावे शतक उजाडल्यानंतरही दिसते. आपल्या काळ्या सिलिंडरवर जे ‘एडिसन’ नावाचे बँड आहे ते तर कधी कोणत्या रस्त्यावरून चाललेच नाही. न्यूयॉर्क परिसरातल्या कसलेल्या वादकांना जमवून मुद्रणासाठी उभे केलेले ते नाव आहे. यात कमीपणा मानायचे कारण नाही. कर्ण्यासमोर वाजवण्याची सवय असलेले ते लोक होते, आणि निव्वळ वादनाच्या सफाईत ते काळे सिलिंडर मरीन बँडच्या तपकिरी सिलिंडरला मागे टाकील अशी माझी अपेक्षा आहे.

वाजवण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे. काळे सिलिंडर चांगल्या स्थितीतल्या, योग्य रिप्रोड्यूसर (सुई आणि पडदा असलेला, आवाज काढणारा भाग) लावलेल्या जुन्या यंत्रावर कधीमधी वाजवायला हरकत नाही. तपकिरी सिलिंडर अजिबात वाजवू नये. काळ्या सिलिंडरांसाठी बनवलेल्या रिप्रोड्यूसरचे वजन मऊ मेणाला सोसत नाही आणि एका वादनात वरचे बारीक नाद कायमचे घासले जाऊ शकतात. तुम्ही जो आवाज ऐकता त्याच वेळी तो पुसतही असता. प्रत घेण्यासाठी विजेवर चालणारे, हलक्या हाताचे यंत्र असलेल्या ठिकाणी ते द्यावे. फ्रान्समधल्या आंरी शामू यांनी बनवलेले आर्किओफोन हे यंत्र जगातल्या अनेक संग्रहालयांत आहे, आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तर सुई न टेकवता खाचेचे छायाचित्र घेऊन आवाज काढला जातो. तडे गेलेल्या सिलिंडरला दुसरा उपाय नाही.

प्रत करणाऱ्याला काही गोष्टी आवर्जून सांगाव्यात. इंचाला १०० खाचांच्या, म्हणजे ‘दोन मिनिटांच्या’ म्हटल्या जाणाऱ्या, अशा सिलिंडरसाठी सुमारे ०.२ मिलिमीटर त्रिज्येची गोल सुई लागते. तबकडीची सुई खाचेच्या तळाशी कुठेतरी रुतून बसते. खाच उभी असल्याने स्टीरिओ पिकअपच्या दोन वाहिन्यांची बेरीज न करता वजाबाकी घ्यायची असते. बेरीज केली की संगीत बरेचसे नाहीसे होते आणि खरखर उरते. बँड दूर भिंतीपलीकडे वाजतो आहे अशा ज्या प्रती फिरताना दिसतात त्यांतल्या काहींचे मूळ इथे असते. पहिली प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी, कोणतीही सफाई न करता ठेवावी. सफाई दुसऱ्या प्रतीवर करावी आणि बेतानेच करावी, कारण क्लॅरिनेटचा वरचा भाग आणि मेणाची खरखर एकाच पट्टीत असतात.

सिलिंडर हाताळताना दोन बोटे आतून पसरून धरावे, बाहेरच्या पृष्ठभागाला स्पर्श करू नये. नळी आतून किंचित निमुळती असते, म्हणून रुंद तोंड आधी सरकवावे आणि अडले तर जोर लावू नये. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत मेणाला बुरशी लवकर लागते. ती मेण खाऊन खड्डे पाडते आणि तिथला आवाज परत येत नाही. पांढुरके ठिपके दिसले तर स्पिरिट, साबण किंवा ओले फडके लावू नये. अगदी मऊ कोरड्या ब्रशने सैल धूळ तेवढी झटकावी आणि सिलिंडर कोरड्या, थंड आणि स्थिर तापमानाच्या जागी उभे ठेवावे. वातानुकूलित खोलीतून एकदम उन्हात आणले तर ते तडकू शकते, म्हणून ते प्रवासाला पाठवताना दोन डब्यांत, मध्ये फोम घालून पाठवावे. जुन्या डबीतले सुती अस्तर बुरशीचे घर असते. डबी आणि चिठ्ठी स्वतंत्र पाकिटात जपावी आणि सिलिंडरला आम्लरहित कागदाची नवी डबी द्यावी.

आपण शेवटी विचारले आहे की तयार प्रती सर्वांसाठी खुल्या करता येतील का. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून सार्वजनिक मालकीची झाली आहेत, भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, आणि सूझा १९३२ मध्ये वारले असल्याने रचनेचाही अडथळा उरलेला नाही. तेव्हा दोन्ही प्रती खुशाल प्रसिद्ध कराव्यात. सोबत वाजवण्याचा वेग, निवेदनाचा शब्दशः मजकूर, डबीवरचा मजकूर आणि सिलिंडरच्या दोन्ही कडांची छायाचित्रे द्यावीत, म्हणजे याच मार्चचे दुसरे तपकिरी सिलिंडर ज्याच्याकडे असेल त्याला ते आपल्याच वादनातले, शेजारच्या यंत्रावर कोरलेले आहे का, हे चुका आणि श्वासाच्या जागा जुळवून तपासता येईल.